आधी स्ट्रोक, मग रॉड

मुळशी तालुक्यातलं सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आलं. इंजिनाचं वेड असलेल्या माणसासाठी हे गाव मोठ्या मोक्याच्या जागी आहे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय, मुंढव्याला भारत फोर्ज, आकुर्डी आणि चाकणला बजाज. क्रँक घडवणारी, त्याचा स्ट्रोक ठरवणारी आणि शेवटी त्याची परीक्षा घेणारी ही सगळी ठिकाणं इथून दुचाकीवर दिवसभरात जाऊन येण्यासारखी आहेत. घाटमाथ्याकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग रेस झाल्या आहेत. कॉलेजची मुलं फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी गाडी बांधतात, कुणी वडिलांची यामाहा आरएक्स नव्याने उभी करतो, कुणी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन पुन्हा चालतं करतो. या सगळ्यांसमोर कधी ना कधी दोन प्रश्न येतात. स्ट्रोक किती ठेवायचा? आणि कनेक्टिंग रॉड किती लांब टाकायचा?

हे प्रश्न जोडीने विचारले जातात, त्यामुळे दोन्हींचं वजन सारखं वाटतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांतली इंजिनं समोर ठेवून पाहिलं, तर चित्र वेगळं दिसतं. स्ट्रोक हा इंजिन बांधणाऱ्याने घ्यायचा निर्णय आहे आणि त्यावर इंजिनाचा सगळा स्वभाव उभा राहतो. रॉडची लांबी बहुतेक वेळा त्या निर्णयानंतर ब्लॉकमध्ये जी जागा उरते तिच्यातून ठरते. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि इंजिनही जातं.

स्ट्रोकची खरी मर्यादा

पिस्टन सर्वांत वरच्या टोकापासून सर्वांत खालच्या टोकापर्यंत जेवढा सरकतो तो स्ट्रोक. क्रँकपिन क्रँकच्या मध्यापासून जेवढ्या अंतरावर आहे त्याच्या तो दुप्पट असतो. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास. या दोघांवरून सीसी निघतात, हे गॅरेजात काम शिकणारा पोरगाही सांगतो. पण स्ट्रोक निवडताना सीसीइतकाच महत्त्वाचा एक आकडा असतो आणि तो फार कमी लोक काढून पाहतात. तो म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग. क्रँकच्या एका फेरीत पिस्टन एकदा वर जातो आणि एकदा खाली येतो, म्हणून स्ट्रोकची दुप्पट घ्यायची, तिला आरपीएमने गुणायचं आणि ६० ने भागायचं. स्ट्रोक मीटरमध्ये धरला की सेकंदाला किती मीटर ते मिळतं.

आपल्या परिसरातल्या इंजिनांना हा हिशेब लावून पाहू. किर्लोस्करचं टीव्ही-१ हे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन ११० मिमी स्ट्रोकवर १,५०० आरपीएमने चालतं. पिस्टनचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात बनलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल, स्ट्रोक ८२ मिमी, ४,००० आरपीएमला सुमारे ११ मीटर. हिरो होंडा स्प्लेंडरचा ९७.२ सीसीचा जीव ४९.५ मिमी स्ट्रोकवर ८,००० आरपीएमला १३ मीटरच्या आसपास. जुन्या बुलेटचं ३५० सीसीचं यूसीई इंजिन, स्ट्रोक ९० मिमी, ५,२५० आरपीएमला पावणेसोळा. २००६ सालच्या फॉर्म्युला वनमध्ये २.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनांचा स्ट्रोक ४० मिमीच्याही आत होता. कॉसवर्थने २०,००० आरपीएम गाठले तेव्हा तो वेग साडेसव्वीस मीटरवर गेला.

हे आकडे एका ओळीत लावले की इंजिनाचं आयुष्य आणि पिस्टनचा वेग यांचं नातं लपत नाही. शेतात वर्षानुवर्षं पाणी उपसणारं इंजिन एका टोकाला आणि शर्यतीपुरतं जगणारं इंजिन दुसऱ्या टोकाला. वेग वाढला की रिंगांखालची तेलाची पातळ फिल्म टिकणं अवघड होतं. पिस्टनला दर टोकाला थांबवून उलटं फिरवायला लागणारं बल तर आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतं. म्हणून इंजिन बांधायला घेताना पहिला प्रश्न कामाचा: ते कुठल्या आरपीएमला आणि किती तास चालणार? रस्त्यावरच्या, रोज चालवायच्या दुचाकीसाठी १७-१८ मीटर हा वेग आजच्या साहित्याला नीट पेलतो. त्यापुढे जायचं तर पिस्टन, रॉड आणि बोल्ट सगळंच त्या तोलाचं हवं, आणि उघडून तपासण्याचं वेळापत्रकही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा चाकणला बजाजकडे तयार होतो. जुन्या केटीएम ३९० ड्यूकचं इंजिन ८९ मिमी बोअर आणि ६० मिमी स्ट्रोकचं, ३७३ सीसी. त्याची कमाल ताकद, ४३.५ पीएस, ९,००० आरपीएमला मिळायची. नव्या पिढीत बोअर तोच राहिला, स्ट्रोक ६४ मिमी झाला आणि कमाल ताकद, ४६ पीएस, ८,५०० आरपीएमला आली. पिस्टनचा वेग काढा: आधी बरोबर १८ मीटर, आता १८.१. स्ट्रोक चार मिलिमीटरने वाढवला आणि ५०० आरपीएम परत केले. स्ट्रोक वाढवायचा तर आरपीएमच्या खात्यातून रक्कम वजा करावी लागते, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचित दिसेल.

लांब स्ट्रोकचा टॉर्क

बुलेटप्रेमींच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: स्ट्रोक लांब म्हणजे टॉर्क जास्त, कारण क्रँकचा दांडा लांब. दांडा लांब होतो हे खरं. पण सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवायचा तर बोअर कमी करावा लागतो, मग पिस्टनचं क्षेत्रफळ घटतं आणि त्यावर दाबणारं बलही त्याच प्रमाणात घटतं. दांड्याने मिळवलेलं क्षेत्रफळाने गमावलं. चार-स्ट्रोक इंजिनाचा टॉर्क ठरतो तो एकूण सीसी आणि सिलिंडरमधल्या सरासरी दाबावर.

यूसीई बुलेट ३४६ सीसीमधून २८ न्यूटन-मीटर द्यायची, लिटरला ८१. जुनी ३९० ड्यूक, जिचा स्ट्रोक बुलेटच्या दोन तृतीयांश, ३७३ सीसीमधून ३७ न्यूटन-मीटर देते; लिटरला ९९. आखूड स्ट्रोकचं इंजिन सीसीमागे जास्त टॉर्क देतं. फरक एवढाच की बुलेटचा टॉर्क ४,००० आरपीएमला हातात येतो आणि ड्यूकचा ७,००० ला. चढावर बुलेट न कुरकुरता ओढते ती खालच्या आरपीएमसाठी जुळवलेल्या कॅममुळे, अरुंद पोर्टमुळे आणि जड फ्लायव्हीलमुळे. लांब स्ट्रोक या कुटुंबातला एक सदस्य आहे, कर्ता पुरुष नव्हे.

लांब स्ट्रोक आणि लहान बोअरचे खरे फायदे वेगळे आहेत. ज्वलनकक्ष आटोपशीर होतो, ज्योतीला कमी अंतर कापावं लागतं, नॉकिंगचा धोका घटतो आणि भिंतींतून वाया जाणारी उष्णता कमी होते. इंधन वाचवणारी इंजिनं म्हणूनच स्ट्रोककडे झुकतात. मोठ्या बोअरचा फायदाही तितकाच खरा: मोठे व्हॉल्व्ह बसतात, इंजिन वरच्या आरपीएमला नीट श्वास घेतं. पिस्टनच्या वेगाची मर्यादा एकदा मान्य केली की ताकद पिस्टनच्या एकूण क्षेत्रफळावर येऊन ठेपते, म्हणून शर्यतीची इंजिनं बोअरकडे जातात.

कारखाने काय करत आले

आपल्याकडच्या कारखान्यांचा इतिहास या बाबतीत विलक्षण एकसुरी आहे. किर्लोस्करच्या एव्ही-१ चा बोअर ८० मिमी, टीव्ही-१ चा ८७.५, स्ट्रोक दोघांचा ११०. ५५३ सीसीवरून ६६१ सीसी झाले ते फक्त बोअरने. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७०, ५०० चा ८४, काँटिनेंटल जीटी ५३५ चा ८७. स्ट्रोक तिन्हींचा ९०. यामाहा आरएक्स १०० चा बोअर ५०, आरएक्स १३५ चा ५८, स्ट्रोक ५०. बजाज पल्सरची गोष्ट तर धड्यासारखी शिकवावी अशी आहे. सुरुवातीच्या पल्सर १५० चा स्ट्रोक ५६.४, १८० चा ५६.४, २०० चाही ५६.४. बोअर मात्र ५७ पासून ६७ पर्यंत चढत गेला.

कारण अर्थशास्त्राचं आहे. बोअर वाढवायचा तर सिलिंडर, पिस्टन आणि हेडचा थोडा भाग बदलतो. स्ट्रोक बदलायचा तर क्रँक नवा. क्रँक नवा म्हणजे फोर्जिंगची डाय नवी, मशिनिंगचे फिक्स्चर नवे, संतुलनाचा हिशेब नवा. शिवाय रॉडचं खालचं टोक क्रँककेसच्या पोटात जास्त फिरणार, म्हणजे तिथली मोकळीक तपासावी लागणार आणि सिलिंडरची उंची बदलावी लागणार. बोअरची वाट सरळ आहे. स्ट्रोकची वाट अख्ख्या इंजिनातून जाते.

बोअरची वाट संपली की मगच कारखाने स्ट्रोकला हात घालतात. पल्सर २०० आणि २२० दोन्हींचा बोअर ६७; २२० साठी स्ट्रोक ६२.४ करावा लागला. केटीएम २०० आणि २५० ड्यूकचा बोअर ७२ च. स्ट्रोक ४९ वरून ६१.१ वर गेला आणि कमाल ताकद १०,००० आरपीएमवरून ९,००० वर उतरली. जिथे अख्खा कारखाना इतका विचार करून स्ट्रोक बदलतो, तिथे घरच्या इंजिनात लेथवाल्याकडून एक्सेंट्रिक पिन बसवून तीन-चार मिलिमीटर स्ट्रोक वाढवून घेणाऱ्याने निदान तेवढेच प्रश्न स्वतःला विचारावेत.

रॉड: तीन मतं

आता रॉड. रॉडच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर भागिले स्ट्रोक, याला रॉड रेशो म्हणतात. बहुतेक इंजिनांत तो दीड ते सव्वादोनच्या दरम्यान असतो. हा आकडा किती असावा यावर अमेरिकेतल्या रेसिंगच्या जगात चाळीस-पन्नास वर्षं वाद चालला आहे आणि आपल्याकडच्या चर्चेतले बहुतेक मुद्दे तिथूनच आले आहेत.

पहिलं मत लांब रॉडवाल्यांचं. नॅसकारचे नावाजलेले मेकॅनिक स्मोकी युनिक यांचा आग्रह होता की ब्लॉकमध्ये मावेल तेवढा लांब रॉड घाला. त्यांचा युक्तिवाद असा: लांब रॉड असला की पिस्टन वरच्या टोकाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, जळणाऱ्या वायूचा दाब अधिक वेळ धरून ठेवला जातो आणि रॉडचा तिरकेपणा कमी असल्याने सिलिंडरच्या भिंतीवरचा दाब घटतो.

दुसरं मत आखूड रॉडवाल्यांचं. आखूड रॉड पिस्टनला वरच्या टोकापासून झटकन खाली ओढतो. पिस्टनचा सर्वाधिक वेग रॉड रेशो दोन असताना टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूनंतर, सुमारे ७७ अंशांवर येतो, तर दीड असताना सुमारे ७३ अंशांवर. इनटेक पोर्टला लवकर जोराची ओढ बसते, म्हणून लहान पोर्टच्या आणि मधल्या आरपीएमच्या इंजिनाला आखूड रॉड बरा, असं त्यांचं म्हणणं.

तिसरं मत टेक्सासच्या रेहर-मॉरिसनसारख्या, प्रो-स्टॉक ड्रॅग रेस जिंकणाऱ्या इंजिन-बांधणीकारांचं. त्यांच्या लेखी रॉडचं काम पिस्टनला क्रँकशी जोडणं एवढंच; हेड, कॅम, कॉम्प्रेशन यांच्यापुढे रॉड रेशोचा प्रश्न यादीत फार खाली.

तिघांच्या बाजूने शर्यती जिंकलेल्या आहेत. म्हणून नुसत्या अनुभवाच्या गोष्टींनी निकाल लागत नाही. भूमितीचे आकडेच काढावे लागतात. ९० मिमी स्ट्रोकचं एक इंजिन घ्या. एकदा १३५ मिमीचा रॉड, रेशो दीड. एकदा १८० मिमीचा, रेशो दोन. टीडीसीनंतर २० अंशांवर आखूड रॉडचा पिस्टन ३.६ मिमी खाली आलेला असतो, लांब रॉडचा ३.४ मिमी. रेंगाळण्याचा जो एवढा गाजावाजा होतो, तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाचा. टीडीसीला पिस्टनवर येणारा कमाल ताण, म्हणजे त्वरण, आखूड रॉडमध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास जास्त. आता आरपीएम ७,००० वरून ८,००० करा, तोच ताण ३० टक्क्यांनी वाढतो. ज्याला इंजिन वाचवायचं आहे त्याने आधी रेव्ह लिमिटरकडे पाहावं.

पण दोन ठिकाणी रॉडची लांबी खरोखर बोलते. पहिलं, भिंतीवरचा दाब. भिंतीला टेकवलेली शिडी आखूड असेल आणि तिचे पाय तेवढ्याच अंतरावर असतील, तर ती जास्त तिरकी होते आणि भिंतीला जास्त जोराने रेटते. रॉडचं तसंच. रेशो दोन असताना रॉड जास्तीत जास्त साडेचौदा अंश कलतो, दीड असताना साडेएकोणीस. त्या कोनाला भिंतीवर पडणारा आडवा दाब सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. दुसरं, कंप. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात प्रत्येक फेरीला दोनदा उठणारा जो कंप राहतो, तो रॉडच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो; रेशो दोनवरून दीडवर आला की तो एक तृतीयांशाने वाढतो.

थोडक्यात, रॉडची लांबी ताकदीपेक्षा झिजेचा आणि सुखाचा प्रश्न आहे. बराच चाललेला पिस्टन बाहेर काढला की हे डोळ्यांना दिसतं. स्कर्टच्या एका बाजूला, ज्या बाजूला स्फोटाच्या वेळी रॉड पिस्टनला रेटतो, चकचकीत घासलेला उभा पट्टा असतो. समोरच्या बाजूला तो फिका असतो. आणि पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या दोन बाजूंना मशिनच्या रेघा जवळपास जशाच्या तशा. बोअर गेजने सिलिंडर मोजला तरी त्याच दिशेला तो जास्त खाल्लेला सापडतो. ही झीज कमी करायला अलीकडच्या अनेक लहान इंजिनांत सिलिंडरच क्रँकच्या मध्यापासून किंचित बाजूला सरकवतात. रॉड लांब न करता स्फोटाच्या वेळचा तिरकेपणा कमी होतो.

होंडाने करून दाखवलेला प्रयोग

रॉड आणि स्ट्रोक यांची तुलना शुद्ध स्वरूपात क्वचित होते, कारण रॉड बदलला की पिस्टनही बदलतो. तरी होंडाने नव्वदच्या दशकात जवळजवळ तसा प्रयोग बाजारातच मांडला. १९९५ ची इंटिग्रा टाइप आर आणि १९९७ ची सिव्हिक टाइप आर. दोन्हींच्या इंजिनांचा बोअर ८१ मिमी, ब्लॉकची उंची जवळपास सारखी. इंटिग्राचा स्ट्रोक ८७.२ आणि रॉड १३८ मिमी, रेशो १.५८. सिव्हिकचा स्ट्रोक ७७.४ आणि रॉड १४२ मिमी, रेशो १.८४. लांब रॉडवाल्यांच्या हिशेबाने सिव्हिक सरस ठरायला हवी होती. जपानमधल्या आकड्यांत सिव्हिकने ८,२०० आरपीएमला १८५ पीएस दिले आणि इंटिग्राने ८,००० ला २००. वाईट समजल्या गेलेल्या रेशोचं इंजिन त्याच बोअरवर जास्त ताकद देऊन गेलं, कारण त्याच्याकडे २०० सीसी जास्त होते आणि हेड त्या सीसींना पुरं पडत होतं. सिव्हिकचं इंजिन वरच्या आरपीएमला जास्त मोकळं आणि गुळगुळीत वाटतं ही त्याची कमाई.

डिझेलमध्येही हेच दिसतं. टीव्ही-१ चा रॉड २३४ मिमी, रेशो २.१३. टाटाच्या ट्रकांतून देशभर फिरलेलं कमिन्सचं ५.९ लिटर बी-सीरिज इंजिन १२० मिमी स्ट्रोक आणि १९२ मिमी रॉडचं, रेशो १.६. दोन्ही दणकट म्हणून नावाजलेली. रेशो टिकाऊपणा ठरवत असता तर यातलं एक केव्हाच बदनाम झालं असतं.

टीव्ही-१ च्या त्या २३४ आकड्याला आपल्याकडे आणखी एक महत्त्व आहे. सांगलीच्या अपेक्स इनोव्हेशन्सने या इंजिनाभोवती बांधलेले चाचणी संच देशातल्या कितीतरी अभियांत्रिकी प्रयोगशाळांत आहेत. क्रँकच्या दर अंशाला सिलिंडरमधला दाब मोजला जातो, आणि पिस्टन त्या क्षणी कुठे आहे हे रॉडच्या लांबीवरून काढलं जातं. ९० अंशांवर पिस्टन ५५ मिमी खाली असेल असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात तो ६१.६ मिमी खाली असतो, कारण रॉड कललेला असतो. रॉडची लांबी चुकून २०० भरली तर तोच आकडा ६२.७ येतो आणि पुढचा सगळा आलेख सरकतो. रॉडचं काम खरोखर समजून घ्यायचं असेल तर हा संच चालवून पाहण्यासारखा दुसरा गुरू नाही.

मिलिमीटरचा जमाखर्च

आता प्रत्यक्ष बांधणीकडे येऊ. क्रँकच्या मध्यापासून सिलिंडरच्या वरच्या कडेपर्यंतची उंची ठरलेली असते. त्या उंचीत तीन गोष्टी बसवायच्या: स्ट्रोकचा अर्धा भाग, रॉडची लांबी आणि पिस्टनची पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची. यांची बेरीज उंचीएवढी, किंवा किंचित कमी, यायला हवी. एक वाढवलं की दुसरं कमी करावंच लागतं.

याचं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण शेव्हरलेच्या लहान व्ही-८ ब्लॉकचं आहे. मूळ ३५० घन इंचाच्या इंजिनात अर्धा स्ट्रोक ४४.२ मिमी, रॉड १४४.८, पिस्टन ३९.६. स्ट्रोक (आणि किंचित बोअर) वाढवून ३८३ केलं की अर्धा स्ट्रोक ४७.६ होतो, रॉड तोच ठेवला तर पिस्टन ३६.२ चा लागतो. आता कुणी रेशो सुधारायला १५२.४ चा लांब रॉड घेतला की पिस्टनला २८.६ मिमीच उरतात. एवढ्या बुटक्या पिस्टनमध्ये पिनचं भोक ऑइल रिंगच्या खाचेत घुसायला लागतं, रिंगांमधल्या भिंती पातळ होतात, आणि रोजच्या गाडीत तेल जळण्याची तक्रार सुरू होऊ शकते. दुसरीकडे तोच बुटका पिस्टन हलका असतो आणि हलक्या पिस्टनचा फायदा वरच्या आरपीएमला मोठा. लांब रॉडने मिळालं असं जे सांगितलं जातं, त्यातला मोठा वाटा बऱ्याचदा या हलक्या पिस्टनचा असतो.

टू-स्ट्रोकमध्ये हिशेब आणखी कडक, कारण पोर्ट कधी उघडायचा आणि बंद व्हायचा हे पिस्टनच ठरवतो. राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी, हिचा स्ट्रोक ५४ आणि रॉड ११० मिमी. ११५ मिमीचा रॉड घातला तर सिलिंडरखाली पाच मिमीची स्पेसर प्लेट लागते, नाहीतर पिस्टन हेडला धडकतो. प्लेट घातली की क्रँककेसमधली जागा वाढते आणि खालून वर मिश्रण ढकलणारं प्राथमिक कॉम्प्रेशन घटतं. स्ट्रोकच वाढवला तर पिस्टन वरही जास्त जातो आणि खालीही, त्यामुळे सगळे पोर्ट उघडण्याच्या वेळा बदलतात. म्हणून आरएक्स किंवा आरडीच्या स्ट्रोकला हात लावण्याआधी पोर्ट टायमिंग अंशांत मोजून कागदावर लिहून ठेवावं. बदलानंतर पुन्हा मोजावं. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय सिलिंडर बसवू नये.

आणि रॉड कितीही लांबीचा घ्या, त्याच्यावर काय येतं ते विसरू नये. ६० मिमी स्ट्रोक, ९,००० आरपीएम, पिस्टन-रिंग-पिन मिळून समजा ३०० ग्रॅम. एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होतानाच्या टीडीसीला वायूचा दाब आधाराला नसतो; पिस्टन वरच निघून जाऊ पाहतो आणि रॉड त्याला खाली ओढतो. त्या क्षणी रॉड आणि बिग एंडच्या बोल्टवर सुमारे एक टन ओढ येते, सेकंदाला ७५ वेळा. लांबीच्या वादात रमण्याआधी बोल्ट नवे, दिलेल्या टॉर्कला आवळलेले, बिग एंडची भोकं गोल, रॉड सरळ आणि सगळे रॉड एकाच वजनाचे आहेत ना, हे पाहावं. दाबून बसवलेल्या क्रँकमध्ये तो डायल गेजखाली फिरवून ट्रू केल्याशिवाय इंजिन मिटवू नये. काटा मिलिमीटरच्या शतांशांत स्थिर राहिला पाहिजे. लेथवाल्या काकांचं हे अर्ध्या तासाचं काम रॉड रेशोच्या कुठल्याही सुधारणेपेक्षा जास्त किलोमीटर देतं.

कायदा आणि नियम

रस्त्यावरच्या गाडीचे सीसी आरसी बुकात लिहिलेले असतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. स्ट्रोक वाढवलेलं इंजिन ट्रॅकचं आणि धावपट्टीचं.

फॉर्म्युला स्टुडंटच्या मुलांसाठी नियमच अर्धा निर्णय घेतो. ७१० सीसीची मर्यादा आहे, पण हवा २० मिमीच्या एकाच अरुंद भोकातून येते. वरच्या आरपीएमला हवाच मिळत नाही, तेव्हा तिथल्या ताकदीसाठी आखूड स्ट्रोकचा हट्ट फोल ठरतो. मधल्या आरपीएमला रुंद टॉर्क देणारं इंजिन तिथे फायद्याचं. पुण्या-पिंपरीच्या अनेक संघांनी ३९० चं इंजिन निवडलं आहे. त्यांनी त्याचा रॉड बदलण्याऐवजी इनटेक आणि इंजिनाच्या मॅपिंगवर वेळ घालवावा, असं मला मनापासून वाटतं.

निवडीचा क्रम

सगळा आढावा घेतल्यावर क्रम असा लागतो. आधी काम: पंप, रोजची गाडी, ट्रॅक की पाव मैल. त्यातून आरपीएम. आरपीएम आणि पिस्टनच्या वेगाची मर्यादा यांतून स्ट्रोकची वरची हद्द. सीसी कमी पडत असतील तर आधी बोअर, सिलिंडरची भिंत पुरत असेपर्यंत. बोअर संपला तरच स्ट्रोक, आणि त्याबरोबर क्रँककेसमधली मोकळीक, संतुलन आणि तेलाचा मार्ग नव्याने तपासायचा. मग पिस्टन: रिंगांना पुरेशी जागा असलेला, पिन खाचेत न घुसणारा, झेपेल तेवढा हलका. शेवटी जी लांबी उरेल ती रॉडची. ती दीड रेशोच्या खाली जात असेल तर स्ट्रोक जास्त धरला आहे असं समजून पुन्हा वर यावं. पावणेदोनच्या वर मिळाली तर आनंद मानावा. झीज आणि कंप कमी होईल. या दोहोंच्या मधे कुठेही असेल तर रॉडच्या लांबीवर आणखी एक रुपया घालवू नये. तो पैसा चांगले बोल्ट, चांगला पिस्टन आणि नीट फ्लो केलेलं हेड यांवर जावा.

खडकीच्या डिझेल इंजिनापासून चाकणच्या ड्यूकपर्यंतच्या इंजिनांत हा क्रम दिसतो. त्या इंजिनांचे आकडे आणि एक व्हर्नियर हाताशी असेल, तर सूसच्या गॅरेजात बसूनही तो तितकाच नेमका पाळता येतो.